पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या आणि पाण्याची मागणी कशी काढायची: इंदूरचं उदाहरण, आणि हिशोब नेमका कुठे घसरतो

माझ्याकडे अधूनमधून एक्सेल शीट येतात, "जरा बघून द्या" म्हणून. कुणी प्लॅनिंगचा विद्यार्थी असतो, कुणी डीपीआर, म्हणजे योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल, बनवणाऱ्या ऑफिसात नुकता लागलेला इंजिनिअर. मागे अशाच दोन शीट एका आठवड्यात आल्या, शहर तेच, साल तेच, लोकसंख्यासुद्धा तीच ३८ लाख, आणि पाण्याची मागणी एकात ७०१ एमएलडी (म्हणजे रोजचे दशलक्ष लिटर) तर दुसऱ्यात ९३८! दोघांचे फॉर्म्युले पुस्तकातलेच होते. मग फरक कुठून आला ते खाली नवव्या पायरीत सांगतो, पण त्याच्या आधीच्या आठ पायऱ्याही वाचा, कारण खऱ्या मोठ्या चुका तिथेच होतात, आणि बहुतेक वेळा एक्सेल उघडण्याच्या आधीच होऊन बसतात.

उदाहरण इंदूरचं घेतोय, मी इथलाच असल्यामुळे मला ते सोपं जातं. आकडे लाखात आणि गोल केलेले आहेत.

## १. आधी हद्द ठरवा, आकडे नंतर

"इंदूरची लोकसंख्या किती?" ह्या प्रश्नाला २०११ च्या जनगणनेतच तीन उत्तरं आहेत. महापालिका १९.६४ लाख. नागरी समूह, म्हणजे आजूबाजूच्या लागून वाढलेल्या वस्त्या धरून, २१.७० लाख. जिल्हा ३२.७७ लाख. चौथी हद्द मास्टर प्लॅनच्या नियोजन क्षेत्राची, ती ह्या तिन्हींशी जुळत नाही. आणि पाचवी, जी कुठल्याच नकाशावर नसते, ती म्हणजे जिथपर्यंत खरोखर पाइप जातो तेवढा भाग.

शिवाय २०१४ मध्ये महापालिकेत २९ गावं आली आणि वॉर्ड ६९ चे ८५ झाले, क्षेत्रफळ दुपटीहून जास्त झालं. म्हणजे २०११ चा १९.६४ लाख हा आकडा जुन्या, साधारण १३० चौरस किलोमीटरच्या शहराचा आहे. आज तुम्ही जो नकाशा डाउनलोड करता तो नव्या शहराचा. हे दोन एकत्र आले की शीट गेली.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. लोकसंख्या जुन्या ६९ वॉर्डांची घेतली, नकाशा नवा घेतला, घनता जवळजवळ अर्धी आली आणि मी खुश, वा, अजून किती जागा शिल्लक आहे शहरात! तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी आमचे ड्राफ्ट्समन काका प्रिंटवर पेन्सिल ठेवून म्हणाले, "भिया, निपानिया आणि कनाडियाची माणसं ह्यात कुठे मोजलीस?" मोजलीच नव्हती, ती दोन्ही त्या २९ गावांतलीच.

म्हणून पहिलं काम, एक पान घ्या, त्यावर लिहा की ह्या हिशोबात कोणकोणती गावं, वॉर्ड, नगरपरिषदा आहेत. प्रादेशिक काम असेल तर राऊची नगरपरिषद, महूची छावणी, सांवेर, देपालपूर, बेटमा, हातोद हे सगळं वेगवेगळ्या ओळीत. पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीबद्दल तर आधीच निर्णय घ्या, कारण ते धार जिल्ह्यात आहे पण तिथे कामाला जाणारी बरीच माणसं राहतात राऊ, महू आणि इंदुरात. माणूस रात्री जिथे झोपतो तिथे त्याची घरगुती मागणी धरा, कारखान्याची मागणी कारखान्यापाशी. दोन्हीकडे पूर्ण माणूस धरला तर तो दोनदा आंघोळ करतो असा अर्थ होतो.

तपासा: लोकसंख्येच्या शीटमधली नावं आणि नकाशातली नावं एकासमोर एक ठेवून टिकमार्क करा. एकही नाव एकटं राहता कामा नये.

## २. सालं ठरवा

इथे लोक रिपोर्ट लिहिण्याचं साल पायाभूत धरतात. ते नाही, योजना ज्या वर्षी चालू होणार ते साल धरायचं. आज डीपीआर केला तर टेंडर, जमीन, परवानग्या, खोदकाम हे सगळं होऊन पाणी यायला तीन-चार वर्षं सहज जातात, आणि तेवढी वर्षं तुमच्या तीस वर्षांतून आधीच खर्च झालेली असतात.

सगळ्या वस्तूंचं आयुष्य एकच धरू नका. सीपीएचईईओच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या तांत्रिक संस्थेच्या, १९९९ च्या मॅन्युअलप्रमाणे पाइपलाइन आणि वितरण जाळं ३० वर्षांसाठी, पंप-मोटर १५, शुद्धीकरण केंद्र १५, धरण असेल तर ५०. मॅन्युअलची नवी आवृत्ती २०२४ मध्ये आलीय, तेव्हा ज्या ऑफिसला रिपोर्ट द्यायचाय ते कुठली मानतात ते आधीच विचारून घ्या, नंतर सगळे तक्ते बदलत बसायला लागतं. म्हणजे तुम्हाला तीन सालं लागतात: चालू होण्याचं, त्यानंतर १५ वर्षांचं आणि ३० वर्षांचं. पंप मधल्या सालाच्या आकड्यावर, पाइप शेवटच्या.

गणितं सोपी दिसावीत म्हणून मी खाली २०४१ आणि २०५१ घेतलेत.

## ३. जुने आकडे एकाच हद्दीवर आणा

इंदूर शहराचे आकडे: १९८१ ला ८.२९ लाख, १९९१ ला १०.९२, २००१ ला १४.७५, २०११ ला १९.६४. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे शेवटचा खरा आकडा अजूनही २०११ चाच. मधली जी "सध्याची लोकसंख्या" वेबसाइटवर फिरते ती कुणीतरी केलेला अंदाज आहे, तिला जनगणनेच्या ओळीत बसवू नका. अंदाजावरून अंदाज काढला की चूक दुप्पट होते आणि दिसतही नाही.

खऱ्या कामात इथे अजून एक कंटाळवाणं पण टाळता न येणारं काम आहे, ते म्हणजे त्या २९ गावांची १९८१ पासूनची लोकसंख्या जिल्हा जनगणना पुस्तिकांतून गावनिहाय काढून प्रत्येक दशकात शहराच्या आकड्यात मिळवायची, म्हणजे चारही आकडे आजच्या हद्दीचे होतील. दोन दिवस जातात. ते केलं नाही तर २०११ नंतर हद्दवाढीची जी उडी येते ती तुमचा फॉर्म्युला "वाढ" समजतो आणि पुढच्या तीस वर्षांत तशाच उड्या मारत राहतो. मी खाली जुन्या हद्दीचेच आकडे वापरलेत, फक्त पद्धत दाखवायला.

सावधान: किती दशकं मागे जायचं हेही आधीच ठरवा. इंदूरच्या यादीत १९७१ चे ५.६१ लाख जोडले की त्या एका दशकाची ४८ टक्क्यांची वाढ सरासरीत शिरते आणि दर दशकाचा दर ३३.३ वरून ३६.८ टक्के होतो. चक्रवाढीने २०५१ ला ६२ लाखांच्या जागी जवळजवळ ६९ लाख येतात. एका ओळीने सात लाख माणसं! उत्तर हवं तसं येईपर्यंत ओळी जोडणारे-काढणारे लोक मी पाहिलेत.

## ४. तीन पद्धतींनी काढा, एकीनेच नाही

दशकांची वाढ आधी लिहा: २.६३, ३.८३, ४.८९ लाख. सरासरी ३.७८. वाढीतली वाढ: १.२० आणि १.०६, सरासरी १.१३.

सरळ वाढीची पद्धत: दर दशकाला ३.७८ मिळवत जा. २०४१ ला ३१.० लाख, २०५१ ला ३४.८.

चक्रवाढ: दर दशकाला १.३३३ ने गुणा. २०४१ ला ४६.५, २०५१ ला ६२.०.

वाढत्या वाढीची पद्धत, जिला सगळे इन्क्रिमेंटल म्हणतात: सरळ वाढीचं उत्तर घ्या आणि त्यात न × (न + १) ÷ २ × १.१३ मिळवा, इथे न म्हणजे २०११ पासूनची दशकं. २०४१ साठी न ३, म्हणून ६ × १.१३, उत्तर ३७.८ लाख. २०५१ साठी न ४, म्हणून १० × १.१३, उत्तर ४६.१.

नेहमी दिसणाऱ्या तीन चुका. एक, न हा आजपासून मोजतात. शेवटचा खरा आकडा २०११ चा आहे, तिथूनच मोजायचं, मग २०४१ साठी ३ येतो, दीड नाही. दोन, न वर्षांत टाकतात आणि वाढ दशकाची ठेवतात, त्याचं उत्तर इतकं हास्यास्पद येतं की सहसा पकडलं जातं, त्यामुळे ती चूक त्यातल्या त्यात बरी. तिसरी वाईट, कारण ती पकडली जात नाही: ३३.३ ला १० ने भागून वर्षाला ३.३३ टक्के धरतात आणि मग त्याचीच वर्षागणिक चक्रवाढ करतात. दशकाला ३३.३ टक्के म्हणजे वर्षाला २.९२ टक्के, दहावं मूळ काढायचं असतं, भागाकार नाही. भागाकार केलात तर २०५१ ला ६२ च्या जागी ७२.८ लाख येतात, आणि दिसायला ते अगदी शक्य वाटतं, शहर वाढतंच आहे ना!

## ५. मागे जाऊन परीक्षा घ्या, मग जमिनीला विचारा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. २०११ चा आकडा हाताने झाका, फक्त १९८१, १९९१, २००१ वापरा आणि तिन्ही पद्धतींना २०११ विचारा. सरळ पद्धत १७.९८ देते, वाढत्या वाढीची १९.१८, चक्रवाढ १९.६७. खरा आकडा १९.६४! चक्रवाढ नेमकी बसली.

इथे लोक उड्या मारतात आणि चक्रवाढ पक्की करून टाकतात. थांबा. ती एका दशकाची परीक्षा पास झाली, तुम्ही तिला तीन-चार दशकं चालवणार आहात. आता जमिनीला विचारा. २०११ ला १९.६४ लाख माणसं साधारण १३० चौरस किमीत होती, म्हणजे हेक्टरी दीडशे. चक्रवाढीचे २०५१ चे ६२ लाख त्याच हद्दीत कोंबले तर हेक्टरी पावणेपाचशेच्या वर जातात, तेही रस्ते, तलाव, रेल्वे, विमानतळ सगळं धरून. राजवाड्याच्या आसपास जुन्या गल्ल्यांत घरं तोडून दुकानं आणि गोदामं होतायत, तिथे माणसं वाढायची सोडून कमी होतायत, मग बाकीच्या भागांनी किती उचलायचं? ही माणसं येणार नाहीत असं नाही, पण जुन्या हद्दीत येणार नाहीत, बायपासच्या पलीकडे जातील. म्हणजे तो आकडा प्रदेशाचा असू शकतो, जुन्या शहराचा नाही.

दुसरी गोष्ट, जन्मदर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी किती मुलं, चौथ्या फेरीत २.३ होता, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २.० वर आला. म्हणजे पुढची वाढ मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांची असणार, आणि ती नोकऱ्या, कॉलेजं, घरांचे भाव ह्यावर चालते, जुन्या दशकांच्या सरासरीवर नाही.

तिसरी तपासणी जिल्ह्याची. २००१ ला जिल्हा २४.६६ लाख होता, शहराचा वाटा ५९.८ टक्के. २०११ ला ३२.७७ पैकी १९.६४, वाटा ५९.९ टक्के. वाटा जवळजवळ हललाच नाही. तुमच्या अंदाजात जुन्या हद्दीतल्या शहराचा वाटा अचानक ७५ टक्के होत असेल तर त्याचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाने राज्यांचे २०३६ पर्यंतचे अंदाज दिलेले आहेत, त्यात जिल्ह्याचा वाटा बसवून वरूनही एकदा मोजा. खालून आणि वरून आलेले आकडे फार लांब असतील तर पुढे जाऊ नका.

मी ह्या उदाहरणात २०४१ साठी ३८ लाख धरतो, कमीत कमी ३१ आणि जास्तीत जास्त ४६.५ सोबत लिहून. एकच आकडा लिहिलेला रिपोर्ट देऊ नका.

## ६. एकूण आकडा वॉर्डांत आणि गावांत वाटा

सरसकट सगळ्या वॉर्डांना एकच टक्केवारी लावली की जुन्या वस्तीत मोठा पाइप आणि नव्या कॉलनीत बारीक पाइप पडतो, आणि पुढची वीस वर्षं टँकर. प्रत्येक वॉर्डाची घनता काढा, जास्तीत जास्त किती होऊ शकते ते ठरवा, जो भरलाय त्याला तिथेच थांबवा, उरलेली माणसं मोकळ्या वॉर्डांत आणि काठच्या गावांत ढकला. कुठल्या बाजूला ढकलायची ते नवीन वीज कनेक्शनं आणि मंजूर लेआउट बघून ठरवा. प्लॉट विकला गेला म्हणजे माणूस राहायला आला असं मात्र धरू नका, सुपर कॉरिडॉरवर जाऊन एकदा संध्याकाळी दिवे मोजा.

तपासा: वॉर्ड आणि गावांची बेरीज वरच्या एकूण आकड्याइतकीच आली पाहिजे. गोल करताना दोन-चार हजार इकडेतिकडे होतात, एक लाख होत नाहीत.

## ७. माणशी किती लिटर

मॅन्युअलमध्ये मलनिस्सारण (सांडपाण्याच्या नळ्या) असलेल्या शहरांना माणशी रोज १३५ लिटर, महानगरांना १५०, मलनिस्सारण नसलेल्या शहरांना ७०. जल जीवन मिशनच्या खेड्यांना ५५. प्रदेशाचं काम असेल तर गावागावाला वेगळा आकडा लागेल, आणि जे खेडं २०४१ पर्यंत शहरात जाणार आहे त्याला ५५ वर ठेवू नका.

पण पुस्तकातला आकडा टाकण्याआधी पाच-दहा घरांत मोजून बघा. मी लोकमान्य नगरात मावशीकडे मोजलं. तिथे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. खालचा हौद आतून दीड मीटर बाय एक मीटर वीस. पाणी येऊन गेल्यावर झाडूची दांडी आत उभी धरली, ओलं जिथपर्यंत झालं तिथे खडूची खूण केली, वरची टाकी भरलेली होती. अठ्ठेचाळीस तासांनी वरची टाकी परत काठोकाठ भरून घेतली, नळ यायच्या आधी पुन्हा दांडी बुडवली: ७० सेंटिमीटर उतरलं होतं. १.५ × १.२ × ०.७ म्हणजे १,२६० लिटर, पाच माणसं, दोन दिवस, माणशी १२६. अगदी पुस्तकाच्या जवळ, मी वहीत लिहूनही टाकलं. तेवढ्यात मावशी म्हणाली, "अरे, वॉशिंग मशीन आणि मागचं अंगण तर बोरिंगवर आहे, ते धरलंस का?" नव्हतं धरलं. वर प्यायला वीस लिटरचा जार येतो तो वेगळाच.

बाहेरच्या कॉलन्यांत तर सगळंच बोरिंगवर चालतं. आज ते पाणी महापालिकेच्या हिशोबात दिसत नाही, म्हणून लोक "सध्याचा वापर माणशी ९०" असं काहीतरी लिहितात आणि तेच पुढे ओढतात. बोरिंग आटलं की तीच माणसं नळाच्या रांगेत येणार आहेत. आजचा पुरवठा म्हणजे मागणी नव्हे, एक दिवसाआड नळ येणाऱ्या शहरात तर मुळीच नव्हे.

## ८. दुकानं, हॉस्टेल, हॉस्पिटल: दोनदा मोजू नका

माणशी १५० मध्ये दुकानं, छोट्या संस्था, किरकोळ उद्योग हे आधीच धरलेलं असतं. तरी लोक शहरातली सगळी हॉटेलं, शाळा, ऑफिसं मोजून वर जोडतात. वेगळं फक्त मोठ्या ग्राहकांचं मोजायचं, आणि का मोजलं त्याचं कारण लिहायचं.

त्यासाठीचे आकडे: १०० खाटांपर्यंतच्या हॉस्पिटलला खाटेमागे ३४० लिटर, त्याहून मोठ्याला ४५०. हॉटेलला खाटेमागे १८०, हॉस्टेलला माणशी १३५, ऑफिस आणि दिवसाच्या शाळेला ४५. भंवरकुआंच्या बाजूला कोचिंगसाठी आलेली पोरं दाटीने राहतात, त्यांना तरंगती लोकसंख्या म्हणून वेगळं जोडण्याआधी बघा की ती वर्षभर राहणारी आहेत का, मग ती वाढीच्या आकड्यात बरीचशी आलेलीच असतात. उज्जैनच्या सिंहस्थासारखी गर्दी मात्र वेगळ्या पानावर लिहा, ती थोड्या दिवसांची मागणी असते, तिच्यासाठी तीस वर्षांचा पाइप टाकत नाहीत.

आगीसाठीचं पाणीही असंच फसवतं. सूत्र १०० गुणिले लोकसंख्येचं वर्गमूळ, लोकसंख्या हजारांत, उत्तर हजार लिटरमध्ये. ३८ लाखांसाठी ३,८०० चं वर्गमूळ ६१.६, म्हणजे साधारण ६२ लाख लिटर. हा टाक्यांत ठेवायचा साठा आहे, रोजच्या मागणीत मिळवायचा आकडा नाही, आग काही रोज त्याच मापाची लागत नाही.

उदाहरणात मी मोठ्या ग्राहकांसाठी ४० एमएलडी धरतो, हा माझा धरलेला आकडा आहे, तुमचा तुम्ही मोजा. ३८ लाख × १५० म्हणजे ५७०, अधिक ४०, एकूण ६१० एमएलडी. हे घरात आणि दारात पोचायला हवं असलेलं पाणी.

## ९. गळती: भागायचं, गुणायचं नाही

आता त्या दोन शीट. पहिल्याने गळती १५ टक्के धरली आणि ६१० ला १.१५ ने गुणलं, ७०१ आलं. दुसऱ्याने गळती ३५ टक्के धरली आणि ६१० ला ०.६५ ने भागलं, ९३८ आलं.

१५ टक्के गळती म्हणजे सोडलेल्या पाण्याच्या १५ टक्के, पोचलेल्याच्या नाही. सोडलेल्या १०० पैकी ८५ पोचतात, म्हणून ६१० ÷ ०.८५, उत्तर ७१८. गुणणाऱ्याचं १६ एमएलडी कमी पडलं, फार वाटत नाही. पण तोच माणूस ३५ टक्क्यांनाही गुणतो तेव्हा ८२३ येतं आणि ११५ एमएलडी कमी पडतं. तेवढ्यात साडेसात लाख माणसांचं घरगुती पाणी भागतं.

मग १५ खरं की ३५? मॅन्युअल म्हणतं गळती १५ च्या आत ठेवा. ठेवा म्हणतं, आहे असं म्हणत नाही. पाइप जुने, मीटर नाहीत, आणि शीटमध्ये पहिल्या दिवसापासून १५, हे रिपोर्ट वाचणाऱ्याला फसवणं झालं. उलट तीस वर्षं ३५ धरून बसलात तर गळतीसाठीच नवी पाइपलाइन टाकताय. आजची मोजलेली गळती घ्या, साल-दर-साल उतरवा, आणि उतरवण्याचा खर्च बजेटमध्ये दाखवा, दाखवता येत नसेल तर उतरवू नका. मी २०४१ ला २० टक्के धरीन: ६१० ÷ ०.८०, ७६३ एमएलडी.

त्यानंतरचा क्रम पाळा, उलटसुलट करू नका. शुद्धीकरण केंद्रात फिल्टर धुवायला जे जातं, समजा ३ टक्के, त्यासाठी पुन्हा भागा: ७६३ ÷ ०.९७, म्हणजे नदीतून ७८६ एमएलडी. पंप २४ तास चालत नाहीत, २२ तास धरले तर पंपाचा वेग ८५८ एमएलडीच्या हिशोबाने. हे शेवटचे दोन आकडे एकमेकांच्या जागी लिहिले जातात आणि मग लोक म्हणतात मागणी ८५८ आहे. मागणी ७८६ सुद्धा नाही, मागणी ६१० आहे. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या जागचा ते लिहा: नळापाशी, टाकीपाशी, नदीपाशी.

सावधान: कमाल वापराचा गुणक (सगळे एकदम नळ उघडतात त्या वेळेसाठीचा), दोन लाखांवरच्या लोकसंख्येला २, हा वितरणाच्या पाइपांना लावायचा. तो जलूदच्या, म्हणजे नर्मदेचं पाणी जिथून उचलतात तिथल्या, पंपाला लावलात तर सगळी योजना दुप्पट होते. नर्मदेचं पाणी साधारण ७० किलोमीटरवरून घाट चढून येतं, वीजबिल इतकं असतं की महापालिकेने जलूदच्या सौर प्रकल्पासाठी २०२३ मध्ये ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले. इथे फुगवलेला प्रत्येक एमएलडी वर चढवायला पैसे लागतात.

## १०. आहे त्या पाण्याशी ताडून बघा

नर्मदेचे पहिले तीन टप्पे मिळून कागदावर ५४० एमएलडीच्या आसपास, वर यशवंत सागर तलावाचं थोडं. ७८६ मधून ५४० सरळ वजा करू नका. क्षमता आणि खरोखर येणारं पाणी ह्यात फरक असतो, पहिला टप्पा १९७८ चा आहे, २०४१ ला ती यंत्रणा किती चालेल ते वेगळं विचारा. उन्हाळ्यातला रोजचा खरा आकडा पंपिंग स्टेशनच्या लॉगबुकातून घ्या, वर्षाची सरासरी नको, कारण मे महिन्यात सरासरी प्यायला मिळत नाही.

## ११. शीट जिवंत ठेवा

हद्द, दर, माणशी लिटर, गळती हे चार आकडे एका पानावर, पिवळ्या रंगात, बाकी सगळं त्यांच्यावरून फॉर्म्युल्याने आलं पाहिजे. मधेच कुठे हाताने टाइप केलेला आकडा असेल तर तो शोधून काढा, प्रत्येक शीटमध्ये एकतरी असतोच.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. आपल्या तीन पद्धतींचे २०२७ चे आकडे आजच लिहून ठेवा, न १.६ घेऊन: सरळ २५.७ लाख, वाढत्या वाढीचा २८.०, चक्रवाढ ३१.१. जनगणनेचा आकडा आला की कुठल्या रेघेच्या जवळ पडतो ते बघा आणि पुढचं सगळं त्याप्रमाणे हलवा. फक्त तो आकडा ८५ वॉर्डांचा असेल आणि वरचे तिन्ही ६९ वॉर्डांचे आहेत, तेव्हा ताडून बघण्याआधी निपानिया, कनाडिया, लिंबोदी आणि बाकीची गावं एका बाजूला काढून ठेवा.